खांबाला वाहिलेलं हळदकुंकू

"श्वास धर!" बाटलीचं झाकण उघडण्याआधी काका हमखास म्हणायचे आणि मी मुकाट्याने धरायचे. आपल्या श्वासातलं काही नमुन्यात पडू नये, एवढंच त्यांचं म्हणणं. शिंक आली तर पन्नास पावलं लांब पळायचं. असा एखादा माणूस तुमच्याही ऑफिसात असेल. त्याच्यासमोर आपण उगाच नीट बसतो.

काका नात्याने नव्हे, ऑफिसातले; मूळचे पुण्याचे, ऑस्ट्रेलियात ॲडलेडमध्ये तीस वर्षं काढलेले. मी युनिव्हर्सिटीतून बाहेर पडून त्यांच्या हाताखाली लागले. महिन्यातून एकदा आम्ही दिवसभर गाडी हाणत आतल्या मुलखातल्या एका खाऱ्या तळ्यावर जायचो. नकाशात ते समुद्रासारखं निळं, प्रत्यक्षात पांढरं आणि ठणठणीत कोरडं. काठाने आमचे खांब, प्रत्येकावर नरसाळं, खाली बाटली. हवेतून पडलेली धूळ तिच्यात जमायची आणि लॅबमध्ये आम्ही त्या धुळीतलं शिसं मोजायचो. जुन्या खाणीतलं शिसं वाऱ्याने इथवर येतं, असं काका आठ वर्षं सांगत होते. साहेब लोक नुसती मान डोलवायचे.

आणि एकदा जेनीच्या घराजवळच्या खांबाचा आकडा एकदम चढला. जेनी तिथे नवरा-मुलांसह राहायची आणि छपरावरून टाकीत साठलेलं पावसाचं पाणी प्यायची. तपासणी होईपर्यंत ते पिऊ नकोस, असं आम्ही कळवलं. घरात लहान मुलं. तिने घाबरून टाकीच ओतून दिली. त्या मुलखात पाऊस वर्षा-दोन वर्षांनी पडतो. इकडे ऑफिसात मात्र त्या आकड्याचा रिपोर्ट वर गेला आणि काकांची कॉलर ताठ झाली होती.

चार दिवसांनी चहा तसाच ठेवून ते म्हणाले, "अगं, खंडेनवमीला मी त्या खांबाला हळदकुंकू वाहिलं होतं."

"खांबाला?"

"आपलं हत्यार तेच ना! आणि वारा होता त्या दिवशी."

श्वास धरायला लावणारा माणूस! मला हसू फुटणार होतं, पण त्यांचा चेहरा बघवेना. गाडीतली कुंकवाची पुडी तपासली. शिसं निघालं.

ते गप्प बसले असते तर कोणाला पत्ताही लागला नसता. आठ वर्षांनी त्यांचं ऐकलं जात होतं. त्यांनी स्वतःच रिपोर्ट मागे घेतला. खांबांचं काम बंद झालं. मला त्यांचा फार अभिमान वाटला आणि रागही आला.

रिपोर्ट मागे घेतल्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही जेनीकडे गेलो. दारातच ते म्हणाले, "माय मिस्टेक. तुझं पाणी चांगलं होतं."

जेनीने रिकाम्या टाकीकडे पाहिलं. "हे सांगायला एवढ्या लांब आलास?" ती म्हणाली. "आत ये, मेट. चहा टँकरच्या पाण्याचा आहे, चालेल ना?"

त्यानंतर तिकडे ढग आल्याची बातमी लागली की काकांचा तिला फोन जायचा. प्रश्न एकच, "टाकी किती भरली?" रिटायर झाल्यावरही, हॉस्पिटलातूनही. उत्तर बहुतेक वेळा वीतभराच्या पुढे गेलं नाही. गेल्या हिवाळ्यात काका गेले.

परवा जेनीचा मला फोन आला. तिकडे तीन दिवस पाऊस होता.

"फुल्ल! काठोकाठ!" ती ओरडलीच. मग हळूच म्हणाली,

"आता हे मी कोणाला सांगू?"