शेवंताची दुसरी कॅसेट

हे मी आजवर कुणाला बोललो नाही. मुलीला नाही, बायकोला, शेवंताला तर नाहीच. आता शेवंता नाही. मग आता सांगून काय उपयोग? काहीच नाही. तरी लिहितोय. चौथीपर्यंत शिकलेला माणूस मी, एक ओळ लिहायला वेळ लागतो.

पंच्याऐंशी-शहाऐंशीची गोष्ट. राहायला अंबरनाथला, पालेगावात, आणि कामाला उल्हासनगरला, कॅम्प दोनमध्ये, एका सिंधी शेठकडे. काम कॅसेटी भरायचं. एका डेकमध्ये मूळ कॅसेट, दुसऱ्यात कोरी, बटणं दाबायची आणि बसायचं. असली का नकली, हे तिथं कुणी विचारत नव्हतं.

लहान पोरांना वाचायला शिकवायच्या कॅसेटी पण भरायचो. सोबत पुस्तक. कॅसेटमधली बाई एक वाक्य सावकाश बोलायची, पोरानं त्या ओळीवर बोट फिरवत मागून म्हणायचं. मग टिंग — घंटी. घंटी वाजली की बोट खालच्या ओळीवर. आमची मंगल त्यावर शिकली आणि शाळेत गेली.

मंगल शाळेत गेली, की दुपारी शेवंता तीच कॅसेट लावून तेच पुस्तक घेऊन बसायची. तिनं शाळा पाहिली नव्हती. पोरीसमोर लाज वाटायची म्हणून दुपारी. मला ठाऊक होतं. तेव्हा मला त्यात गंमतच वाटत होती.

मग एक दिवस चाळीच्या नळावर पाटी लागली. मी पुढं होऊन मोठ्यानं सांगितलं, "पाणी उद्या सकाळी लवकर येणार." अर्धं वाचलं होतं, अर्धं ठोकून दिलं. मला जोडाक्षर आलं की घाम फुटायचा, पण चाळीत ते कुणाला माहीत नव्हतं. शेवंता हंडा घेऊन मागं उभी होती. हळूच म्हणाली, "अहो, येणार नाही लिहिलंय." लोक हसले. शेजारचा गजानन म्हणाला, "भाऊ, आता वहिनींकडं शिकवणी लावा!" मी पण हसलो. काय करणार होतो?

त्याच आठवड्यात तिनं दुसऱ्या पुस्तकाची कॅसेट मागितली. पहिल्यांदाच काहीतरी मागितलं होतं बाईनं. मी म्हटलं, आणतो.

आणली. स्वतः भरली. भरताना तिसरं वाक्य आलं तेव्हा भरायचा डेक थांबवला. बाईचं वाक्य संपलं, घंटी संपली — मग परत चालू केला. एवढंच केलं. एक वाक्य गाळलं. तिथून पुढं बाई बोलायची एक आणि शेवंताचं बोट असायचं दुसऱ्याच ओळीवर. शेवटपर्यंत.

चुकून झालं असं म्हणू? नाही. मोजून, डोकं लावून केलं.

तिला वाटलं आपलंच चुकतंय. कॅसेट चुकीची असेल हे तिच्या मनात आलंच नाही. कसं येईल? नवऱ्यानं भरून आणलेली होती ना. मागं घ्यायची, परत लावायची. एकदा मी दुपारचा घरी होतो, खाटेवर पडलो होतो. ती पुस्तकावर वाकलेली, बोट ओळीवर दाबून धरलेलं, नख पांढरं पडलेलं. मी कूस बदलली.

पुढं एका संध्याकाळी भाकरी वाढताना म्हणाली, "माझ्या डोक्यात नाही शिरत ओ."

मी म्हणालो, "या वयात कुणी शिकतं का?" तिशी पण झाली नव्हती तिची.

पुस्तक तिनं रद्दीत घातलं. पुन्हा कधी हात लावला नाही. मंगलच्या शाळेत सहीच्या जागी अंगठा द्यायची आणि पदराच्या आतल्या बाजूला शाई पुसायची, पोरीला दिसू नये म्हणून. लग्नाची पत्रिका आली की मला द्यायची. मी वाचायचो, अडलं की ठोकून द्यायचो. ती मान हलवायची.

दहाव्याला मंगल आली होती. तिची पोरगी मोबाईलवर वाचायला शिकते — आतून आवाज येतो आणि तो तो शब्द पिवळा होतो. पोरीनं विचारलं, आजी का नाही शिकली? मंगल म्हणाली, "आजीला नाही जमलं गं. तिचं डोकं नव्हतं त्यात. हो ना, बाबा?"

शेवंताचा फोटो समोर होता, हार ओला होता.

मी म्हणालो, "हो."