माशांचा उपास

धरणगावच्या नासीर पिंजाऱ्यांची मंतशा हट्टी आहे, हे तिच्या गल्लीत कुणालाही विचारा. गाद्या भरणाऱ्याची पोरगी एम.एस्सी. झाली तेव्हा लोक म्हणाले, पुरे आता. ही म्हणाली, पुरे कसलं, पीएच.डी.ला नाव घातलंय! विषय काय, तर औषधानं मासे कसे मरतात. अम्मीनं कपाळाला हात लावला. "मासे मारायला पाच वर्षं? बाजारातला मासेवाला दोन मिनिटांत मारून, साफ करून देतो!"

मंतशा हसायची आणि पुन्हा समजावून सांगायची. काही ठिकाणी मत्स्यपालनात सगळी पिल्लं नरच व्हावीत म्हणून खाद्यात एक स्टेरॉइड कालवतात. तिथलं पाणी नाल्यात जातं, नाल्यातून नदीत. तिथल्या रोहूच्या पिल्लांना ते किती बाधतं, हे कुणीतरी मोजायला नको?

मोजायची रीत अशी. जळगावातल्या तिच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत काचेच्या सात टाक्या, प्रत्येकीत दहा पिल्लं. पाच टाक्यांत चढत्या प्रमाणात औषध, एकीत औषध विरघळवायचं अल्कोहोल तेवढं, आणि एकीत नुसतं पाणी. शहाण्णव तास थांबायचं आणि किती औषधाला निम्मे मासे मरतात तो आकडा काढायचा. पण सगळा खेळ त्या नुसत्या पाण्याच्या टाकीवर. तिथे एक मासा मेला तर चालतं. दोन मेले की चाचणी रद्द, कारण औषधाशिवायच मासे मरायला लागले तर औषधाला बोल कसा लावणार?

एकोणतीस तारखेला, सोमवारी, विद्यापीठाची समिती बसणार होती. मंतशाची मुदत दोनदा वाढवून झालेली. या वेळी आकडा नाही दाखवला तर नोंदणीच रद्द, पाच वर्षं पाण्यात.

चाचणीच्या आधी एक दिवस आणि चाचणी संपेपर्यंत माशांना खायला घालत नाहीत. खाल्लं की पाणी नासतं. म्हणून शनिवारी, चाचणीच्या आदल्या दिवशी, तिनं प्रयोगशाळेचे शिपाई निंबाभाऊ यांना बजावलं, "निंबाभाऊ, गुरुवारपर्यंत माशांचा उपास आहे बरं का!" वीस वर्षं मासे जीव लावून सांभाळणाऱ्या निंबाभाऊंनी मान डोलावली.

मंगळवारी सकाळी ती आली आणि दारातच थबकली. सातही टाक्यांतलं पाणी पिठूळ झालं होतं. तळाशी पांढरे मणी पसरलेले. नुसत्या पाण्याच्या टाकीत तीन मासे पोट वर करून तरंगत होते.

"निंबाभाऊ! काय घातलंत यांत?"

"साबुदाना," निंबाभाऊ आपल्या अहिराणीत म्हणाले. "तुम्हीनच सांगं ना ताई, मासासना उपास शे. म्हनीसन भाकर नही टाकी. काल मना बी सोमवार व्हता, डबामा साबुदाना व्हता, तोच टाका थोडा. उपाशी जीव, माले दखायनं नही."

मंतशा अशी कडाडली की व्हरांड्यातली मुलं आत डोकावली. निंबाभाऊ बिचारे डबा छातीशी धरून उभे. त्यांचं तोंड बघितलं आणि तिचा आवाज खाली आला. तिच्या घरी रोजा म्हणजे सूर्य मावळेपर्यंत पाण्याचा थेंब नाही. निंबाभाऊंच्या घरी उपास म्हणजे साबुदाणा, भगर, शेंगदाणे, रोजच्यापेक्षा दोन घास जास्तच! 'काही घालू नका' असं सरळ सांगायचं सोडून शहाणपणा कुणी केला? तिनंच. स्वतःच्या अकलेचा तिला एवढा राग आला की डोळे भरून आले.

तिच्याबरोबरच पीएच.डी. करणारा ललित टाकीवर वाकला. "तीनऐवजी एक लिही. मेलेले मासे काय साक्षीला येणार आहेत?"

"या आकड्यावरून उद्या कुणी ठरवेल, नाल्यात पाणी सोडायचं की नाही. तेव्हा तुझे दोन मासे मी कुठून जिवंत करू?" असं म्हणून तिनं वहीत लिहिलं : चाचणी रद्द, मृत तीन.

मग ती बोटांवर मोजायला लागली. आजचा दिवस उपाशी. बुधवारी सकाळी दहाला सुरुवात. शहाण्णव तास म्हणजे रविवारी दहा. सोमवारी समिती. जमतंय! साठवणीच्या टाकीत शंभरेक पिल्लं होती. बाटलीत औषध मात्र आणखी एकाच चाचणीला पुरेल एवढं. तिनं बाह्या सरसावल्या आणि टाक्या घासायला घेतल्या. निंबाभाऊ न सांगता बादल्या भरत राहिले. दुपारी त्यांनी दारावर खडूनं लिहिलं, "काहीही घालू नये. साबुदाणाबी नाही."

बुधवारपासून पहिल्या एस.टी.नं यायचं, पाणी बदलायचं, औषध नव्यानं घालायचं, मेलेले काढून मोजायचे. शुक्रवारी नुसत्या पाण्याच्या टाकीत एक गेला. ठीक, एक चालतो. पण रविवारी नऊ वाजता त्याच टाकीत दुसरा एक आडवा पडला. कल्ले हलतात की नाही, कळेना. काचेच्या कांडीनं शेपटीला स्पर्श करायचा. हलला नाही, कल्लेही थांबलेले असले, तर मृत. आणि मृत दोन म्हणजे सगळं संपलं.

"ताई, आते जित्ता शे," निंबाभाऊ काकुळतीला आले. "आतेच लिखी ल्या."

"दहा म्हणजे दहा, भाऊ."

एक तास ती त्या टाकीसमोरून हलली नाही. जवळ जायची भीती वाटत होती आणि लांब जाववत नव्हतं. घड्याळात दहा झाले. तिनं ललितला बोलावून शेजारी उभं केलं, म्हणजे पुढे कुणी बोट दाखवायला नको. कांडी पाण्यात घातली. शेपटीला लावली. मासा ढिम्म. निंबाभाऊंनी डोळे मिटून घेतले. एवढ्यात पिल्लू एकदम वळवळलं, कांडीवर शेपटी आपटली आणि तोंड वासून अर्धं सरळ झालं.

"जिवंत," ललित हळूच म्हणाला.

मंतशानं लिहिलं : मृत एक, एक अत्यवस्थ.

"अगं, अत्यवस्थ कशाला लिहितेस? समिती खोदून विचारेल!"

"विचारू दे. आहे ते सांगीन."

बाकीच्या टाक्या मोजून, गणित मांडून बारा वाजता तिनं आकडा काढला आणि घरी फोन लावला. "अब्बा, जमलं."

नासीरभाईंना त्यातलं काही कळत नव्हतं, पण लेकीच्या कामाची चौकशी करायची तर काहीतरी विचारायला हवं. "किती मेले, बेटा?"

"जेवढे मेले, अब्बा, तेवढेच लिहिले."