खंजिरी आणायला गेले तेव्हा

नव्वदच्या दशकातली गोष्ट. खरं सांगायचं तर त्या वर्षी माझा विश्वास पार ओसरला होता. शिरोली एमआयडीसीजवळच्या एका चाळीत आम्ही चर्चमधली तिघं दर शनिवारी मुलांचा क्लब चालवायचो. गाणी, बायबलमधली एक गोष्ट, खेळ आणि शेवटी भडंगाचा पुडा. पोरं कुणाचीही असोत, सगळ्यांना दार उघडं. पण पुडा हातात पडला की पोरं पसार! प्रार्थनेला बसले की मनात यायचं, प्रभू, ही उठाठेव कुणासाठी? ‘मला यातून मोकळं करा’ अशी पाळकसाहेबांना द्यायची चिठ्ठीसुद्धा लिहून ठेवली होती.

आमची एक पद्धत होती. ज्याचं गाणं चांगलं होईल त्यानं आठवडाभर खंजिरी घरी न्यायची. नऊ वर्षांच्या सुजातानं ती नेली आणि पुढचे दोन शनिवार पोरीचा पत्ताच नाही. नाताळ तोंडावर आलेला, आमच्याकडं खंजिरी एकच. आधीच मी तापट, त्यात माझं डोकं फिरलं. बुधवारी मी शिकवायचे त्या शाळेतून अर्धी रजा टाकली आणि तरातरा तिच्या घरी निघाले. पोरीची चांगली खरडपट्टी काढायची, एवढंच मनात होतं.

दार नुसतं लोटलेलं होतं. आत बुद्धाच्या तसबिरीखाली सुजाता पडलेली. अंग तव्यासारखं तापलेलं, हाका मारल्या तरी डोळे उघडेना. आईबाप दोघंही फौंड्रीत कामावर. शेजारची म्हातारी म्हणाली, "दोन हप्ते झाले, ताप येतोय-जातोय. सकाळी बी जरा हुता. आता बोलत बी न्हाय." पोरीला उचललं आणि रस्त्यावर आले, तर एकही रिक्षा दिसेना. "प्रभू, आता तूच बघ," एवढंच तोंडून निघालं.

तेवढ्यात एक टेम्पो करकचून थांबला. ड्रायव्हर खेकसला, "बघत काय ऱ्हायलासा? चढा की!" त्यानं थेट सरकारी दवाखाना गाठला, पोरीला स्वतः उचलून आत नेलं. आभार मानायला वळले तर तो निघून गेलेला. पुढं कितीदा चौकशी केली, पण तो माणूस कुणाच्याच ओळखीचा निघाला नाही. डॉक्टर म्हणाले, "ताप डोक्यात चढला होता. संध्याकाळपर्यंत थांबला असता तर अवघड होतं."

याला चमत्कार म्हणायचं का, मला ठाऊक नाही. मी रागानं निघाले होते, आणि देवानं तो रागसुद्धा कामाला लावला, इतकं मात्र कळलं. चिठ्ठी मी फाडून टाकली.

आठवड्यानं सुजाता खाटेवर उठून बसली. तिची आई माझा हात धरून रडत होती, "बाई, देवावानी धावून आलासा," म्हणत होती. मला लाजेनं मान वर करवेना. शेवटी बोलून टाकलं, "सुजाता, मी तुला बघायला नव्हते गं आले. खंजिरी मागायला आले होते, तुला रागवायला."

पोरगी खुदकन हसली. "पर आलासा की, बाई!"

आजही कधी क्लबला जायचा कंटाळा येतो, चिडचिड होते. तशीच चिडत घराबाहेर पडते. मन कसंही असो, आपण जायचं. पुढचं प्रभू बघतो.