क्लेम पास व्हावा म्हणून घातलेलं गाऱ्हाणं

माझ्या पित्ताशयातून निघालेला खडा हरभऱ्याएवढा होता आणि त्याचं बिल अडतीस हजार रुपये झालं.

मी तेव्हा कट्टा नावाच्या गावाजवळच्या एका शाळेत मास्तर होतो. अडतीस हजार म्हणजे माझा चार-पाच महिन्यांचा पगार (तोही न जेवता!). पण मी निर्धास्त. दीड वर्षापूर्वीच आरोग्य विमा उतरवलेला, आणि दुखणं तर अगदी ताजं, दिवाळीनंतर सुरू झालेलं. दवाखान्याचं बिल आधी आपण भरायचं, मग कंपनी देणार. म्हणून सुमनच्या, म्हणजे बायकोच्या, पाटल्या कट्ट्याच्या सोनाराकडे गहाण ठेवताना मी ऐटीत म्हणालो, "अगो, महिन्याभरात सोडवन हाडतलंय!"

"तुमचो महिनो माका ठावक आसा," सुमन म्हणाली. "माझ्या भावाचां लगीन वैशाखात आसा. मोकळ्या हातांनी मांडवात उभी रवतलंय काय मी?"

क्लेमचे कागद गेले. महिना गेला. कंपनी गप्प! शेवटी माझी आई उठली. "ती कंपनी-बिंपनी माका कळणा नाय. आधी देवाक गाराणां घाल!"

गाऱ्हाणं म्हणजे देवापुढे मोठ्यानं केलेलं मागणं. गुरव एकेक वाक्य म्हणणार आणि बाकीच्यांनी "व्हय म्हाराजा!" म्हणून री ओढायची. सोमवारी सकाळी नारळ घेऊन आम्ही निघालो, तोच दारात मोटरसायकल थांबली. विमा कंपनीचे चौकशी करणारे साहेब!

"तुमच्या क्लेमबद्दल थोडी माहिती हवी होती," साहेब म्हणाले.

मला आनंदानं काही सुचेना. गाऱ्हाणं घालायच्या आधीच देवानं माणूस धाडला! "अहो, तुमच्याच कामाला निघालोय!" मी म्हणालो. "चला की देवळात. मग जेवूनच जा."

सुमननं डोळे वटारले. मला वाटलं, जेवायचं आमंत्रण आवडलं नाही.

आमचे तात्या गुरव गाऱ्हाण्याच्या बाबतीत फार कसलेले. त्यांचं म्हणणं एकच: "देवाकडे गावभरची कामां. थोडक्यात सांगलंस तर पोचणा नाय!" त्यांनी नारळ ठेवला, घसा खाकरला आणि सुरुवात केली.

"बा देवा म्हाराजा! ह्यां तुझां लेकरू गेली सात वर्सां पोटात धोंडो घेवन वावारता रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळ्यांत मोठा आवाज माझा. (सवय हो! गाऱ्हाण्यात ऐकायचं नसतं, ओरडायचं असतं.)

सुमननं मला कोपरानं ढोसलं. नेमकं ऑपरेशनच्या बाजूला! मला वाटलं, आवाज कमी पडतोय.

"रातचे रात लोळला, मुंबयचे डाक्तर केल्यान, पण कोणाचो गुण इलो नाय रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!!" मी छप्पर हलवलं. मुंबईला मी गेलो होतो तो मावसभावाच्या मुलाच्या बारशाला!

"तेवा ह्या सायबाक सद्बुद्धी दी, आणि ह्येचे पैशे ह्येच्या पदरात घाल रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" ह्या वेळी साहेबसुद्धा हात जोडून म्हणाले. नंतर प्रसादाचं खोबरं चावत त्यांनी हळहळ व्यक्त केली, "बराच त्रास काढलात हो मास्तर."

"काय सांगू साहेब!" मी सुस्कारा सोडला. जेवायला काही ते थांबले नाहीत.

पुढच्या पंधरवड्यात पत्र आलं. क्लेम नामंजूर! कारण: आजार विमा उतरवण्याच्या पूर्वीपासूनचा असून, विमाधारकाने हे स्वतः उच्च स्वरात मान्य केले आहे.

मी पायरीवरच बसलो. सुमननं पत्र वाचलं आणि आपल्या रिकाम्या मनगटाकडे बघत राहिली.

"ह्यां काय करून ठेवल्यात?"

"मी फक्त व्हय म्हटलं गो!"

"मी कोपरान ढोसतंय, ढोसतंय, आणि तुमी आवाज चढवतास!"

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं एसटीनं जिल्ह्याच्या गावी, ओरोसला, कंपनीच्या ऑफिसात. मोठ्या साहेबांना मी सगळं समजावलं. गाऱ्हाण्यात थोडं वाढवून सांगायची आमच्याकडे रीतच आहे, दुखणं फार तर दोन महिन्यांचं.

"म्हणजे देवळात सांगितलं ते खोटं?" साहेबांनी विचारलं.

"देवाफुडे खोटां?" आई ताडकन उठली. "मेल्या!"

"खोटं असेल तर तसं लिहून द्या," साहेबांनी कागद पुढे सरकवला.

मी पेन उचललं. उजवीकडून आई, "लिवू नको रे! देव बघता!" डावीकडून सुमन, "लिवा! देव माफ करीत. सोनार करूचो नाय!"

मी पेन परत खाली ठेवू लागलो. पण सुमनचे ते रिकामे हात टेबलावरच होते. मी लिहिलं, 'मी देवासमोर खोटे बोललो.' खाली सही. त्याखाली हुद्दा: सहायक शिक्षक.

साहेबांनी ते शांतपणे वाचलं. चष्मा काढला.

"मास्तर, जो माणूस देवासमोर खोटं बोलतो आणि वर तसं लिहूनही देतो, त्याच्या क्लेम फॉर्मवर कंपनीनं विश्वास कसा ठेवायचा?"

'व्हय' म्हणून भागण्यासारखा हा प्रश्न नव्हता, आणि फाईल बंद झाली.

परतीच्या एसटीत आई खिडकीशी बसून माझ्या वतीनं देवाची माफी मागत होती. सुमन कट्टा येईपर्यंत मोकळ्या मनगटांवर पदर ओढत होती. ती भांडली असती तर बरं वाटलं असतं. मला फार वाईट वाटलं, खरंच. उतरल्यावर मी तसाच सोनाराच्या दुकानात शिरलो आणि पाटल्या सोडवायला वैशाखाच्या पलीकडची मुदत मागितली.

सोनार हसून म्हणाला, "घेवा हो मास्तर! तुमच्यार माझो पुरो विश्वास आसा."

देव, कंपनी, आई आणि बायको, सगळीकडे पत गेलेली असताना माझ्यावर पुरा विश्वास ठेवणारा अख्ख्या तालुक्यात तेवढा एकच माणूस उरला होता, आणि तोही पाटल्या त्याच्या तिजोरीत होत्या म्हणून!