मामांची गाय आणि राहुकाळ

माझ्या बायकोच्या मामांइतका घड्याळ पाहणारा माणूस मद्रासमध्ये दुसरा नव्हता, आणि त्यांच्याइतका सगळीकडे उशिरा पोहोचणाराही नव्हता. तंजावरहून आलेल्या आमच्या मराठी मंडळींत राहुकाळ, म्हणजे सूर्योदयावरून मोजायची आणि दर वारी बदलणारी अशुभ वेळ, सगळेच पाळत, पण बेताने. मामांचा राहुकाळ टळला की यमगंड ही दुसरी अशुभ वेळ लागे, आणि यमगंड सुटेपर्यंत बस गेलेली असे. आम्ही त्यांच्या घराच्या मागच्या पोर्शनमध्ये भाड्याने राहत होतो, त्यामुळे हे सारे रोज पाहावे लागे. एकदा त्यांच्या स्वयंपाकघरात भाताच्या पेंढ्याने पेट घेतला. मामांनी आधी भिंतीवरचे पंचांग पाहिले. बादली मामींनी ओतली.

मामींच्या पोटात अल्सर होता. डॉक्टरांनी त्यांना दूध आणि पेज एवढ्यावरच ठेवले होते. दारावर येणारे पाणीदार दूध त्यांना सोसेना, म्हणून मामांनी निवृत्तीनंतर गाय घेतली. तीही साधीसुधी नाही. आई इथली, बाप जर्सी. अशी गाय भिंतीवरची सिनेमाची पोस्टरे चघळत फिरणाऱ्यांतली नव्हे, असे ते येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवत. तिला हिरवा चारा, भुईमुगाची पेंड, उन्हाळ्यात पाठीवर ओले गोणपाट. यात मामांनी काही कमी केले नाही. गवळ्याला पंचांगाची पर्वा नसते, म्हणून धार काढायलाही ते स्वतःच शिकले, आणि वाईट शिकले.

सुरुवातीला दूध भरपूर होते. मग ते घटू लागले. मामांनी शेजारणीची दृष्ट लागल्याचे ठरवून गोठ्यावर कोहळा टांगला. पुढे चरवीचा तळ झाकेल एवढेच दूध येऊ लागले. जनावरांच्या डॉक्टरने चारा, पाणी, कास सारे तपासले आणि धारेची वेळ विचारली. मामांनी आठवड्याच्या सातही वारांच्या निरनिराळ्या वेळा अभिमानाने सांगितल्या. डॉक्टर म्हणाला की अशा दुभत्या गाईची कास रोज ठरल्या वेळी मोकळी व्हायला हवी; तुंबून राहिली की ती दूध कमी करते, आणि हे असेच चालले तर गाय आटेल. मामांनी त्याला कॉफी दिली आणि तो गेल्यावर त्याचे शिक्षण काढले.

तो रविवार होता. रविवारचा राहुकाळ साडेचारला लागून सहाला सुटतो. गाय हंबरत होती. मामींनी दुपारपासून काही घेतले नव्हते. त्या खाटेवरून म्हणाल्या, "भूक लागलीय हो. पण थांबते मी सहापर्यंत."

मामा खुर्चीत बसून होते. गाय पुन्हा हंबरली, तसे ते चरवी घेऊन उठले.

"मामा, राहुकाळ आहे," मी म्हणालो. चांगुलपणाने म्हणालो असे नाही.

"तिचा बाप परदेशी," मामा माझ्याकडे न पाहता म्हणाले. "तिला इथला सूर्योदय लागू नाही."

असला भंपक युक्तिवाद मी त्यांच्याही तोंडून कधी ऐकला नव्हता. पण धार काढताना त्यांचे ओठ स्तोत्र पुटपुटत होते.

दूध थोडेच निघाले. मामींनी तो पेला हळूहळू संपवला. मामा समोर स्टूल ओढून बसले होते. पेला रिकामा झाला तरी ते उठले नाहीत. सहा वाजायला अवकाश होता, आणि तोवर मामींना काही होत नाही ना, हे त्यांना पाहायचे होते.