कार्डाचा खटका

नातीच्या बारशात कॅमेऱ्याचं कार्ड भरलं, म्हणून जावई त्यातले जुने फोटो पुसायला लागला. पडद्यावर माझी मेलेली बायको दिसली आणि पुसली गेली. मी त्याचं मनगट पिरगाळलं.

"मामा, हात मोडेल."

"मोडू दे."

गल्लीतल्या फोटोवाल्याला विचारलं. तो म्हणाला, पुसलेलं लगेच जात नाही, परत काढता येतं. त्याच जागी नवं बसलं की मात्र मेलं.

लोकही मला हेच सांगतात. नात आली, आता बायकोला विसरा. असं बोलणाऱ्याचं थोबाड फोडावंसं वाटतं. नातीला घरभर जागा आहे. हिच्या छातीवरच कशाला बसवता?

कार्डाच्या कडेला बारका खटका असतो. तो खाली ओढला की नवा फोटो चढत नाही. मी ओढला आणि कुणी परत वर सरकवू नये म्हणून पकडीनं उपटूनच टाकला.

"मामा, कार्ड वाया घालवलंत."

"नातीला दुसरं आण."