चाचांचा राहिलेला समुद्र

आधी चाचांचं सांगतो. माझं नंतर सांगितलं तरी चालेल, कारण या सगळ्यात मी झोपण्यापलीकडे काही केलेलं नाही.

चाचा आमच्या कंपनीत टूलरूमला होते. चाकणहून शिफ्टची बस सुटली की मोशी, मग भोसरी आणि शेवटी दिघी. चाचा भोसरीला उतरायचे, मी दिघीला. आमच्या बसमध्ये एक रीत होती. कुणी ठरवलेली नव्हती, पण मोडलेलीही कधी पाहिली नाही. ज्याचा स्टॉप आधी येतो त्यानं शेजारच्याला उठवायचं आणि मगच उतरायचं. शिफ्ट करून आलेला माणूस सीटवर टेकला की झोपतोच. बस गेटातून बाहेर पडेपर्यंत निम्म्या माना कलंडलेल्या असायच्या. माझी मान चाचांच्या खांद्यावर. भोसरी आली की ते माझ्या गुडघ्यावर थाप मारायचे, "उठ राजा, दिघी आली." दिघी आलेली नसायची. पण डोळे चोळून, चपला शोधून, डबा पिशवीत घालेपर्यंत यायची.

मी हिंगोलीकडचा. सातवीत शाळा सुटली, वडिलांच्या आजारपणात. मग एका गाववाल्याच्या ओळखीनं इकडं आलो आणि इथलाच झालो, म्हणजे राहायला इथला झालो. स्वभाव पहिल्यापासून काळजीचा. गॅस बंद केला का म्हणून मी जिना उतरून परत चढणारा माणूस. घरापासून लांब राहणाऱ्याच्या मनात एक भीती बसलेली असते, ती कुणाला सांगता येत नाही: आपण इथं कुठं हरवलो, तर आपल्याला शोधायला गाडीतून खाली कोण उतरेल?

आमच्याकडे कंपन्यांची सुट्टी गुरुवारी. पोरांच्या शाळेची रविवारी. त्यामुळं बायकापोरांना घेऊन फिरायला जायचं म्हणजे कुणाची तरी दांडी ठरलेली. गुरुवारी मग आम्ही बसवालेच एकत्र निघायचो, दोन-तीन मोटारसायकली करून, राजगुरुनगरच्या पुढं, चाचांच्या गावाला. तिथं धरणाचं पाणी शेतांपर्यंत येऊन थांबलेलं असतं. काठाला बाभळी, पलीकडे डोंगर, मध्ये एखादी होडी. बरोबर भाकरी, सुकं मटण, कांदे. आयुष्यात फिरायला गेलो ते म्हणजे हेच, आणि अजून डोळे मिटले की पहिल्यांदा हेच पाणी दिसतं.

चाचा पोहायचे. त्या वयातही काठावरून असे आत शिरायचे की पाण्याला आवाज नाही. गावातली निम्मी पोरं त्यांनी विहिरीत ढकलून पोहायला शिकवलेली. मला पाण्याची भीती. मी सगळ्यांचे कपडे, घड्याळं, मोबाईल घेऊन काठावर बसायचो.

"ये की गड्या, गुडघ्याएवढं तर पाणी हाय," चाचा ओरडायचे.

"इथंच बरा आहे चाचा. मोबाईल कोण सांभाळणार?"

"व्हय, व्हय. तू आमचं लॉकर हाईस. लॉकर कुठं पोहतंय व्हय?"

अशाच एका गुरुवारी अंग पुसत ते म्हणाले, "खाऱ्या पाण्यात माणूस हात न हलवता तरंगतो म्हणं. इहीर झाली, नदी झाली, धरण झालं. समुद्रात काय अजून पडलो न्हाई. खरं का खोटं, एकदा बघायचं हाय."

मुंबईला ते लग्नाकार्याला गेले होते, समुद्र लांबून पाहिला होता. पण लग्नाच्या कपड्यात कोण पोहतं? नोकरी, पोरींची लग्नं, घर, यात ते राहून गेलं होतं.

आमच्या बसची एक भिशी होती. एका वर्षी सगळ्यांनी ठरवलं की यंदा कुणी उचलायची नाही, त्यातून थायलंडला जायचं. हे ठरवण्यात पुढाकार पेंट शॉपच्या आमच्या पुढाऱ्याचा. आम्ही त्याला पुढारीच म्हणायचो, कारण बसमध्ये बोलायला सुरुवात केली की मोशीपर्यंत थांबायचा नाही. कार्यक्रमात शेवटच्या दिवशी होडीतून एका बेटावर जाऊन समुद्रात पोहायचं होतं. चाचा फक्त त्यासाठी तयार झाले. भोसरीच्या बाजारातून त्यांनी पोहायची निळी चड्डी आणली आणि बसमध्ये सगळ्यांना दाखवली.

"चाचा, पटायाला चाललाय, चाचीला सांगितलं का?" पुढाऱ्यानं विचारलं.

"तिनंच सांगितलं, जावा म्हणून. म्हणली, तुमच्याकडं बघायला तिथं कुणाला येळ हाय!"

पूर्ण बस हसली. मी हसलो, पण काळजी सुटत नव्हती. पासपोर्ट निघाला तेव्हापासून ती होतीच. विमानतळावर साहेबानं इंग्रजीत विचारलं तर? तिथं कुणाचं बोलणं कळलं नाही तर? बायको म्हणाली, "चाचा आहेत ना संगं?" तेवढ्यावर मी गेलो.

तिकडं गेल्यावर एक गंमत झाली. टूरची बस आली, चकचकीत, अंगभर हत्ती-मोरांची चित्रं काढलेली, आत गार. आणि आम्ही सगळे आत शिरून आपापल्या चाकणच्या जागेवर बसलो! पुढारी ड्रायव्हरच्या मागं, वेल्डिंगवाले मागच्या लांब सीटवर, मी खिडकीत, शेजारी चाचा. एकजण दुसऱ्याच्या जागेवर बसला तर परदेशातसुद्धा भांडण झालं.

"राव, ही माझी जागा आहे."

"अरे, ही काय तुझी कंपनीची बस आहे का?"

"नसेना. जागा माझीच आहे."

दिवस छान गेले. बँकॉकला नदीवर फिरलो, सोन्याच्या मूर्ती पाहिल्या, नारळपाणी प्यालो. पण मला हॉटेलात झोप लागत नव्हती. गादी मऊ, गारवा जास्त, आणि मनात सारखं की सकाळी सगळे मला सोडून निघून जातील. मी पडून राहायचो आणि चाचांचं घोरणं ऐकायचो. ते घोरत आहेत म्हणजे बस गेलेली नाही.

शेवटचा दिवस उजाडला तेव्हा मी जागरणानं अर्धा झालो होतो. आदल्या दिवशी पटायाला आलो होतो. सकाळी एक दुकान, तिथून थेट होडी, बेट, आणि संध्याकाळी तिकडूनच विमानतळ. दुकान हिऱ्या-माणकांचं. अशा दुकानात टूरवाल्यांना नेतातच. आत एवढा उजेड आणि एवढ्या विक्रेत्या मुली की माझा जीव घाबरला. चाचांना म्हटलं, "मी बसमध्ये जाऊन बसतो." ते म्हणाले, "बस. आलोच."

बाहेर मैदानात बसच बस. मी हत्ती-मोरांची चित्रं पाहिली, दार उघडं होतं, चढलो. ड्रायव्हर दिसला नाही. माझी खिडकीची जागा रिकामी. गारव्यासाठी आणलेली कानटोपी ओढली, मान टाकली. कंपनीच्या बसमध्ये बसल्यावर जशी लागते तशी झोप लागली. इतक्या दिवसांची उधारी होती. मनाच्या तळाशी खात्री होती की उठवायला चाचा आहेत.

जाग आली ती पाण्याच्या आवाजानं. काचेवरून पाण्याचे लोट वाहत होते. क्षणभर वाटलं, चाकणलाच आहे, बस धुवायला लावली आहे. बस खरंच धुवायला लावली होती. काचेपलीकडे एक माणूस लांब दांड्याचा ब्रश घेऊन उभा. त्यानं काच पुसली आणि आत कानटोपीतलं माझं तोंड पाहिलं. तो असा किंचाळला की हातातला ब्रश पडला. मीही किंचाळलो.

मागं वळून पाहिलं तर एकही पिशवी आमची नाही. सीटवर परक्या भाषेतले कागद. म्हणजे बस दुसऱ्याच लोकांची. त्यांना दुकानावर सोडून ती धुवायला आली होती. हत्ती-मोर तिथं सगळ्याच बसवर होते.

मग मी खिसे चाचपले. हॉटेलचं कार्ड पिशवीत, पिशवी आमच्या बसमध्ये. पासपोर्ट पुढाऱ्याकडे. मोबाईल होता, पण त्यात तिथलं सिम नव्हतं, पुढाऱ्याच्या मोबाईलवरून नेट घ्यायचो. तो ब्रशवालाच बसचा ड्रायव्हर निघाला; मी त्याला हात जोडले. मराठीत बोललो, हिंदीत बोललो, मग नुसताच रडवेला झालो. तो बिचारा समजून चुकला. मला पाण्याची बाटली दिली, खांद्यावर हात ठेवला आणि अर्धी साबण लागलेली बस तशीच परत काढली. रस्ताभर एकच विचार: होडीची वेळ झाली असणार. सगळे गेले असणार. का थांबावं कुणी?

मैदान दिसलं. आमची बस उभी होती ती जागा रिकामी होती. आणि त्या रिकाम्या जागेच्या कडेला, फुटपाथवर, उन्हात, डोक्यावर रुमाल टाकून चाचा बसले होते. हातात प्लॅस्टिकची पिशवी. पिशवीतून निळी चड्डी दिसत होती.

मी उतरलो. त्यांच्यापुढं जाऊन उभा राहिलो.

"झाली का झोप?" चाचा म्हणाले.

"चाचा, तुम्ही... होडी..."

"गेली. होडी काय तुझी सासरवाडी हाय, थांबायला?" मग मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "अगोदर ती टोपी काढ. लोकांना वाटंल, हिमालयातून आलास."

काय झालं ते मला नंतर बाकीच्यांनी सांगितलं. बसमध्ये चढल्यावर पुढाऱ्यानं नेहमीसारखं ओरडून विचारलं, "आले का सगळे?" आणि नेहमीसारखं सगळे ओरडले, "आले!" पण चाचांच्या शेजारची खिडकी रिकामी होती. सगळ्यांनी दुकानात शोधलं, मैदानात शोधलं. टूरची मुलगी म्हणाली, होडी थांबत नाही, मी दुकानवाल्यांना सांगून ठेवते, तुम्ही चला. पुढारी म्हणाला, मी थांबतो. चाचा तोवर खाली उतरलेही होते. म्हणाले, "तू पुढारी हाईस, तू बाकीच्यांस्नी सांभाळ. त्याला उठवायचं काम माझं हाय. आणि जिथनं माणूस चुकतो तिथंच तो परत येतो. म्या हितनं हलत न्हाई."

मी त्यांच्या शेजारी बसलो. म्हटलं, "चाचा, समुद्र इथून जवळच असेल. चला, रिक्षा करू. तुम्ही पोहून घ्या."

"न्हाई. त्या पोरीला सांगितलंय, हितंच बसतो म्हणून. येताना ती हितं न्यायला येनार. एक हरवला हुता, आता दोन हरवायचे का?"

रस्त्याच्या टोकाला, दोन उंच इमारतींच्या मध्ये, समुद्राची एक पट्टी दिसत होती. हातातल्या रुमालाएवढी. निळी, मध्येच चमकणारी. दुपारभर आम्ही तिच्याकडे पाहत बसलो. दुकानाच्या पहारेकऱ्यानं दोन खुर्च्या आणून दिल्या. गाडीवाल्या बाईकडून उकडलेली कणसं घेतली. चाचा त्यांच्या विहिरीच्या गोष्टी सांगत राहिले, कोणतं पोर किती रडलं, कोण पाण्यात पडताच आईला नव्हे, मास्तरांना हाक मारायला लागलं. मी हसत होतो आणि माझं लक्ष त्या पिशवीवर जात होतं. शेवटी त्यांनीच ती घडी करून खिशात कोंबली.

"असू दे," म्हणाले. "समुद्र कुठं पळून चाललाय?"

संध्याकाळी बस आली. सगळ्यांचे केस खाऱ्या पाण्यानं चिकट, चेहरे लाल. मला शिव्या पडल्या, टाळ्याही पडल्या. "पूर्ण थायलंड झोपून बघितलं रे भावा!" वेल्डिंगवाल्यानं मोबाईलवर बेटाचा व्हिडिओ लावला. चाचांनी तो हातात घेऊन पाहिला, परत पाहिला आणि हळूच विचारलं, "तरंगतंय का रं खरंच?"

"तरंगतंय चाचा. नुसतं पडून राहायचं."

"हां," चाचा म्हणाले आणि मोबाईल परत दिला. मग माझ्याकडे वळून, "झोप आता. विमानतळ आलं की उठवतो."

मला झोप आली नाही. पण मी डोळे मिटून त्यांच्या खांद्यावर मान ठेवली, कारण तसं केलं नसतं तर त्यांना कळलं असतं की मला काय वाटतंय.

चाचा आता रिटायर झालेत. भोसरीचं घर मुलाकडे, ते आणि चाची गावी. बसमध्ये माझ्या शेजारी एक नवा पोरगा बसतो, कानात वायरी घालून. तो मोशीलाच उतरतो, मला उठवायला ते फार लवकर. दिघीला मी आता मोबाईलचा गजर लावून उठतो. काही गुरुवारी चाचांकडे जातो. धरणाच्या काठी ते खुर्चीवर बसतात, गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. डॉक्टर म्हणतात पाण्यात गेलात तर बरंच आहे, पण काठ उतरताना पाय घसरेल म्हणून चाची जाऊ देत नाही. निळी चड्डी तिनं कपाटात ठेवली आहे, घडी न मोडलेली. मी विचारलं तेव्हा तिनं दाखवली.

लोक सुट्टीच्या गोष्टी सांगतात. कुणी बर्फात गेलेला असतो, कुणी दुबईच्या उंच इमारतीवर. मला विचाराल तर मला दोनच जागा आवडल्या. एक तो धरणाचा काठ. दुसरी परदेशातली: गाड्या लावायच्या मैदानाच्या कडेचा फुटपाथ, जिथं मला कळलं की माझ्यासाठी खाली उतरणारं कुणी आहे.

चाचा, तुम्ही हे वाचणार नाही, चाची वाचून दाखवेल. दिवेआगरला वाळू सपाट आहे, चढउतार नाही, मी विचारून ठेवलंय. चाचीलाही घ्यायचं आहे. कधी ते आज सांगता येत नाही, शिफ्ट आहे, पोरांचं शिक्षण आहे, तुमचा गुडघा आहे. पण जायचं आहे. आणि या वेळी कपडे सांभाळायला चाची बसेल, मी तुमचा हात धरून पाण्यात येईन. कंबरेपर्यंत नाही जमलं तर गुडघ्यापर्यंत येईन. मग तुम्ही हात सोडा, पडून राहा, आणि सांगा मला, खरं का खोटं.

येताना गाडीत खिडकीची जागा तुमची. खुशाल झोपा. राजगुरुनगर आलं की मी उठवीन.